तलावाचा नवरा

रायपूरला जाऊन आलो म्हटलं की कोल्हापुरात लोक हमखास विचारतात, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी सांगतो, मी तिथं एका तलावाचा नवरा बघितला. काचेच्या दारामागं, एसीत उभा, डोक्यावर पिवळा दिवा. लोक हसतात. त्यांचं बरोबर आहे. मी कुस्तीच्या मैदानावर निवेदन करणारा माणूस. दुसऱ्या डावाला पाठ टेकलेल्या पोराला मी 'दख्खनचा ढाण्या वाघ' म्हणून निरोप देतो. त्यामुळे माझं बोलणं लोक निम्मं वजा करूनच ऐकतात. पण या खेपेला जरा बेतानं वजा करा. जिथं मी फुगवलंय ते तुम्हाला आपोआप कळेल. जे ऐकून वाटेल की हे काही शक्य नाही, ते मात्र तसंच्या तसं घडलेलं आहे.

आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडून लिहितोय. परत येऊन इतके दिवस झाले, तांबडा रस्सासुद्धा गोड लागत नाही.

तात्यापारा

रेल्वेचा प्रवास सांगत नाही. ज्याला हौस असेल त्यानं स्वतः जाऊन पाठ मोडून घ्यावी.

माझी थोरली बहीण शालूताई लग्न होऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यात गेली, तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. पारा म्हणजे वस्ती, आपल्याकडची गल्ली-पेठ समजा. दाजींचं घराणं तिथं नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासूनचं. चार-पाच पिढ्यांत त्यांच्या मराठीला असं काही पाणी लागलंय की आमची अस्सल कोल्हापूरची ताईसुद्धा आता दारात उभी राहून म्हणते, "काहून रे, इतका वाळला तू? जेवून नाही राहिला का?" मी दारातून आडवा आत आलो होतो, तरी हे. बहिणींच्या डोळ्यांत काहीतरी वेगळीच भिंगं असतात.

पहिल्या सकाळी फरा खाल्ला. तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळकट्या वाफवायच्या, वरून तीळ-मिरचीची फोडणी, सोबत टोमॅटोची पाट्यावर वाटलेली चटणी. तिखट म्हणाल तर आमच्याकडं तान्ह्या बाळाला चाटवतात तेवढं. पण चव अशी, की मी किती खाल्ले ते ताईनं शेजारणीला सांगितलं आणि शेजारीण मला बघायला आली.

तेवढ्यात दारातून हाक आली, "दीदी!"

ती दुलारी दाई. दाई म्हणजे तिकडं आई, मावशी. शहराबाहेर, नव्या रायपूरच्या वाटेवर एक वस्ती आहे, तिथली. पावसाळ्यात तलावात शिंगाडे लावायचे, थंडीत काढायचे आणि टोपली घेऊन तात्यापाऱ्यात विकायचे, हा तिच्या घराचा धंदा. ताई म्हणाली, तीस वर्षं झाली हिच्याकडूनच घेते. आज टोपलीत नुसती लाल भाजी होती.

"शिंगाडे कुठं हायत?" मी विचारलं. मला ताजे शिंगाडे म्हणजे जीव की प्राण.

बाई माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ताईच्या मागं माझी भाची रेवती ऑफिसला निघाली होती, खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. दुलारी दाईची नजर त्या ओळखपत्रावर.

"ये नोनी ला पूछव," ती म्हणाली. या पोरीला विचारा. "हमर तरिया म तारा लगा दे हें. नहाय बर घलो नइ देवत हें."

ताईनं मला समजावलं. त्यांच्या तलावाला रेवतीच्या कंपनीनं कुंपण घातलंय, फाटकाला कुलूप. शिंगाडे गेले, आणि बायांना अंघोळीलाही जागा नाही.

"अउ हमर तरिया के दूल्हा ला उखान के ले गे हें!"

तलावाचा नवरा उपटून नेला? मी मोठ्यानं हसलो. माझं हसणं म्हणजे शेजारच्या इमारतीत लोक खिडक्या लावतात. दुलारी दाईनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, मग ताईला विचारलं, "ये तोर भाई ए? पगला हे का?"

"हव," ताई म्हणाली. हव म्हणजे हो. सख्खी बहीण!

मग दाजींनी पेपर खाली ठेवून मला शिकवलं. "तुमच्याकडं नसंन हे. इथं तलाव खोदला की त्याचं लग्न लावतात. वरात, हळद, जेवण, सगळं. मंधात लाकडाचा खांब रोवतात. लग्न होईपर्यंत त्या तलावाचं पाणी पूजेले चालत नाही, नवरीच्या हळदीले चालत नाही. कुँवारा तालाब. समजलं? तो खांब म्हणजे यायच्या तलावाचा नवरा."

माझं हसणं आत गेलं. आमच्याकडं रंकाळा आहे, पण त्याचं लग्न झालंय का हे आजवर कुणी विचारलं नाही. आम्ही त्याच्या काठाला भेळ खातो आणि द्रोण त्यातच टाकतो.

रेवती चपला घालत होती. "मामा, वो सड़ी हुई लकड़ी थी. सफाई में निकालनी पड़ी. फेंक दी होगी." तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. मग दुलारी दाईकडं न बघता ती म्हणाली, "दाई, बस उद्घाटन तक. विदेश से मैडम आ रही हैं. उसके बाद बात करेंगे."

"त मैं तब तक नइ नहावँव?" दुलारी दाई म्हणाली. तोवर मी अंघोळ करू नको?

रेवती निघून गेली. ताईनं भाजी घेतली, दोन जुड्या जास्तच घेतल्या.

शंकर नगर

दुसऱ्या दिवशी मी हट्टच धरला, भाचीचं ऑफिस बघायचं. रेवती नाखुशीनं घेऊन गेली. शंकर नगरात काचेची इमारत. ही कंपनी युरोपातली, बुडबुड्यांचं गोड पाणी बाटलीत भरून जगभर विकणारी. रायपुरात तिची एक बाटलीसुद्धा भरली जात नाही. इथं फक्त दानधर्माचं खातं.

दार उघडलं आणि समोर तो उभा.

मी वर्णन करतो, वजाबाकी नको. दोन पुरुष उंचीचा लाकडी खांब, काळा पडलेला, खालचा भाग चिखलाच्या पाण्यानं झिजून बारीक झालेला, वर कोरलेलं कमळासारखं काहीतरी. पॉलिश मारलेलं. खाली पांढरे गोटे, वर पिवळा दिवा, बाजूला इंग्रजीत पाटी. त्यावर कुठल्यातरी आदिवासी कलेचं नाव. मी जवळ जाऊन वास घेतला. पॉलिशच्या खालून अजून तळ्याच्या गाळाचा वास येत होता.

"हाथ मत लगाइए, सर," दारावरचा रखवालदार म्हणाला.

मी मागं बघितलं. रेवतीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला सांगितलेलं, लाकूड फेकलं. रोज ती या दारातून येत-जात होती, आणि तिला हे शोभेचं लाकूड वाटत होतं. पोरगी काही वाईट नाही हो. तिला नोकरी लागली तेव्हा ताईनं कोल्हापूरला फोन करून रडत सांगितलेलं, "पोट्टी लोकायचं भलं करन आता."

तिचे वरिष्ठ सक्सेना. फार गोड माणूस. मी कुस्तीतला आहे म्हटल्यावर त्यांनी कॉफी मागवली, दंड दाबून बघितला आणि खुशीत येऊन सगळं सांगून टाकलं. लपवावं असं त्यात काही आहे, हेच त्यांना वाटत नव्हतं. त्याचा मला जास्त राग आला.

झालंय असं. तिकडं युरोपात कंपनीचे कारखाने जमिनीतून पाणी उपसतात. तिथल्या लोकांच्या विहिरी आटायला लागल्या, लोक फाटकावर येऊन ओरडायला लागले, बाटल्या घ्यायचं बंद म्हणाले. मग कंपनीनं शपथ घेतली, जितकं पाणी उपसू तितकं धरतीला परत देऊ. आता परत द्यायचं तर जिथून घेतलं तिथं द्यावं की नाही? तिथं महाग पडतं. शपथेत 'कुठं' असा शब्दच नव्हता.

"तो रायपूर क्यों?" मी विचारलं.

"यहाँ बारिश अच्छी है, भाईसाहब," सक्सेना म्हणाले. "और तालाब बने-बनाए हैं."

"म्हणजे हा तलाव आधीपासून होता?"

"था. लेकिन किसी ने उसका पानी गिना नहीं था."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे टेबलाला तडा जाता जाता वाचला. सक्सेना पुढं समजावत होते. तलावातला गाळ काढला, मधोमध स्टीलचा खांब लावला, त्यावर मोजपट्टी रंगवली. पावसाळ्यात पाणी चढलं. जेवढं चढलं तेवढं कंपनीनं दिलं.

"पाऊस कंपनीनं पाडला?"

ते मनापासून हसले. "आप भी ना!"

"मग कुंपण कशाला?"

"लोग पानी निकालेंगे, नहाएँगे, सिंघाड़ा लगाएँगे, तो गेज नीचे आएगा ना. दिया हुआ पानी कम दिखेगा."

बघा म्हणजे. आमच्या गावात सावकार बघितले, आमदार बघितले, खालून वाळू नि वरून देऊळ खाणारे बघितले. पण आभाळातून पडलेलं पाणी, पणज्यांनी खोदलेला खड्डा, त्यावर आपली मोजपट्टी उभी करून 'हे आमचं दान' म्हणायचं, आणि दान कमी दिसू नये म्हणून ज्याला दिलं त्यालाच त्याला हात लावू द्यायचा नाही, हे डोकं माझ्या आख्ख्या आयुष्यात बघितलं नव्हतं. तिकडं एखादा माणूस बाटली उघडताना मनात म्हणणार, चला, याच्या बदल्यात कुठंतरी गरिबाला पाणी मिळालं. आणि तो गरीब कुंपणाबाहेर बिनअंघोळीचा उभा.

बाहेर पडताना मी नवऱ्याला रामराम केला. रखवालदारानं पुन्हा सांगितलं, "सर, हाथ मत लगाइए."

काठावर

नव्या रायपूरच्या बाजूला रस्ते एवढे रुंद की या कडेला उभ्या माणसाची शिंक त्या कडेला पोचेपर्यंत दुसरी येते. गाड्या सुसाट, बस तुरळक. दाजींच्या जुन्या गाडीत आम्ही तिघं, मी, दाजी आणि रेवती. तिला त्या दिवशी बायांकडून कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोलून घ्यायची होती. कंपनीनं आमच्या जीवनात पाणी आणलं, आम्ही आभारी आहोत. तेवढंच. चित्रीकरण करणारे मागून येणार होते.

तलाव सुंदर होता, खोटं का बोलू? थंडीतलं हिरवं-निळं पाणी, काठाला पिंपळ, पलीकडं धान कापलेली शेतं. आणि सभोवती हिरव्या जाळीचं कुंपण. फाटकाला बोकडाच्या डोक्याएवढं कुलूप. मधोमध चकचकीत स्टीलचा खांब, त्यावर आकडे आणि वर कंपनीचा शिक्का.

कुंपणाला टेकून दहा-बारा बाया बसल्या होत्या. दुलारी दाईनं मला लगेच ओळखलं. "पगला भाई आगे," तिनं जाहीर केलं. वेडा भाऊ आला. सगळ्या हसल्या. माझी रायपुरातली कीर्ती ही अशी.

रेवती जमिनीवर बसली. तिनं समजावलं, दोनच वाक्यं बोला.

"काबर?" दुलारी दाईनं विचारलं. कशासाठी?

कालपर्यंत रेवतीनं पटकन उत्तर दिलं असतं.

दुलारी दाईनं खांबाकडं हनुवटी उडवली. "वो कोन ए?"

"गेज है, दाई."

"गेज-फेज नइ जानँव. हमर दूल्हा के जगा म ठाढ़े हे. त दूसर दूल्हा होइस ना? पहिली वाला कहाँ हे?" आमच्या नवऱ्याच्या जागी उभा आहे, म्हणजे दुसरा नवराच झाला ना? मग पहिला कुठाय?

रेवती खाली मान घालून म्हणाली, "ऑफिस में."

"जीयत हे?" जिवंत आहे?

"हाँ. लाइट लगाई है उसके ऊपर."

मग एक म्हातारी म्हणाली, नवरा जिवंत असताना, आम्हाला न विचारता, आमच्या पोरीचं दुसरं लग्न लावलं, तेही परदेशी माणसाशी, आणि जेवणही घातलं नाही! यावर जो हशा उठला, तो कुस्तीच्या मैदानावर मी कधी उठवू शकलो नाही. पण त्या हसण्याच्या खाली दात होते. दुलारी दाई हसत नव्हती.

"ये लमसेना ए," ती हळूच म्हणाली. हा लमसेना आहे.

हा शब्द ऐकून दाजी ताठ झाले. परतताना त्यांनी मला सांगितलं. लमसेना म्हणजे घरजावई. पण आपल्याकडच्यासारखा गादीवर लोळणारा नाही. मुलीच्या घरी राहायचं, तिथलं काम करायचं, आणि सासू म्हणंल तसं वागायचं. घर सासरचं, नियम सासरचा. "लमसेना सासऱ्याच्या घराले कुलूप लावत नाही," दाजी म्हणाले, "लावलं तं पारा त्याले हाकलते."

चित्रीकरणवाले आले तेव्हा बायांनी तोंडाला पदर लावले आणि एकही बोलली नाही. दुलारी दाईनं फक्त रेवतीला सांगितलं, "तोर मैडम ला बता, हमन बिहाव करबो. नेंग-जोग के संग." तुझ्या मॅडमला सांग, आम्ही लग्न लावू. सगळ्या रितीभातींसकट.

रेवतीनं गाडीत बसताच फोन करून सक्सेनांना सांगितलं, उद्घाटनाला गावातल्या बाया पारंपरिक सोहळा करणार आहेत. सक्सेना आनंदानं ओरडले ते मला गाडीच्या पुढच्या सीटवर ऐकू आलं. "फैंटास्टिक!"

घरी ताई स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "तू तिले भडकवू नको. पोट्टीची नोकरी जाईन रे."

"मी कुठं काय बोललो?"

"तू बोलत नाही तवाच मले भेव वाटते."

रेवती दारात उभी होती. ती आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर सरळ मराठीत बोलली. "आई, मी त्या खांबाजवळून रोज जात होती."

ताईनं गॅस बारीक केला.

उद्घाटन

इंग्रिडबाई आल्या. परदेशी मुख्यालयातल्या दानखात्याच्या प्रमुख. उंची एवढी की मंडपाचं कापड दोनदा वर बांधावं लागलं. बाई प्रेमळ होत्या, हे मी लिहायलाच हवं. खाली वाकून प्रत्येकीला नमस्कार करत होत्या, पायांत चिखल लागला तरी तोंड वाकडं केलं नाही. त्यांना खरंच वाटत होतं, आपण पाणी आणलं. या धंद्यातली सगळ्यात संतापाची गोष्ट मला हीच वाटते. वर अशी निर्मळ माणसं बसवतात, म्हणजे खालच्या घाणीवर ओरडताना आपलाच आवाज आपल्याला उद्धट वाटतो.

मग बाया आल्या. हळद, तेल, बांबूच्या टोपल्या, आणि पुढं दुलारी दाई, केस कोरडे, तेलही न लावलेले. वरपक्षाचं, म्हणजे कंपनीवाल्यांचं, स्वागत सुरू झालं. इंग्रिडबाईंना हळद लागली, सक्सेनांना लागली, कॅमेरावाल्यालाही लागली. आणि गाणं सुरू झालं.

आता हे तुम्हाला ठाऊक हवं. छत्तीसगढच्या लग्नात वरात दारात आली की मुलीकडच्या बाया वऱ्हाडाला शिव्या घालतात. गाण्यातून, तालात, मनापासून. भडौनी म्हणतात तिला. आपल्याकडं विहीण रुसते, इथं विहीण गाते. तालासुरात जे चाललं होतं त्याचा अर्थ दाजी माझ्या कानात सांगत होते आणि त्यांचे कान लाल होत होते.

आले गं आले, लांबून आले. दुसऱ्याच्या पावसाला आपलं म्हणणारे आले. यांच्या आईनं यांना दूध मोजून पाजलं का गं? नवरा आमचा चोरला, काचेत उभा केला, लाकूडचोर गं हे लाकूडचोर. स्वतःची विहीर पिऊन संपली, आता आमच्या तळ्यात तोंड घालतात. उंच बाईचं मन मऊ, बाजूचा साहेब मात्र आटलेला कोरडा.

इंग्रिडबाई टाळ्या वाजवत होत्या. त्यांनी रेवतीला विचारलं, काय गातायत?

रेवती म्हणाली, "लग्नाचं गाणं आहे, मॅडम. वरपक्षासाठी." इंग्रजीत म्हणाली. एक शब्द खोटा नव्हता.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. मोजपट्टी हाताशी असती तर सक्सेनांनी तेही मोजलं असतं.

मग दुलारी दाई पुढं झाली आणि तिनं हात पसरला. नेंग, म्हणजे लग्नात मुलीकडच्यांचा मान. वरपक्षानं तो दिल्याशिवाय नवरदेवाला घरात प्रवेश नाही. "नेंग म कुची लेबो," ती म्हणाली. मानाची वस्तू म्हणून किल्ली घेऊ.

रेवतीनं भाषांतर केलं, अगदी शब्दशः. त्या मान म्हणून फाटकाची किल्ली मागतायत. सक्सेना गडबडीनं म्हणाले, सिम्बॉलिक, मॅडम, सिम्बॉलिक! इंग्रिडबाईंना ती कल्पना फारच आवडली. त्यांनी सक्सेनांपुढं हात केला. कॅमेरा चालू. सक्सेनांनी खिशातून किल्ली काढली तेव्हा त्यांचं हसू असं ताणलं होतं की टिचकी मारली तर तुटलं असतं.

आणि नेमका माईक गेला. जनरेटरनं दोन ढेकर दिले आणि गप्प. इंग्रिडबाई किल्ली हातात घेऊन दोन शब्द बोलत होत्या आणि तिसऱ्या रांगेपलीकडं काही पोचत नव्हतं.

रेवती मागं वळली. "मामा!"

मी उठलो. बत्तीस गावांच्या मैदानांवर, वारा तोंडावर घेऊन, बिनमाईकचा गाजलेला हा गळा. पिंपळावरचे कावळे उडाले. माझी हिंदी म्हणजे आखाड्यातली, पण काही शब्द कुठल्याही हिंदीत सारखेच असतात.

"सुनो, सुनो, सुनो! सात समुंदर पार से आई हुई मैडमजी ने, आज, सबके सामने, कैमरे के सामने, इस तालाब की चाबी इस पारे की माताओं को दे दी है! हमेशा के लिए! ये खंभा इस घर का लमसेना है! घर सास का, नियम सास का! फाटक पर ताला नहीं लगेगा! कोई नहाए, कोई सिंघाड़ा लगाए, मैडमजी की खुशी है! बजाओ ताली!"

अख्खं गाव उभं राहिलं. माझ्या तोंडून आलेलं एकही वाक्य बाईंनी म्हटलं नव्हतं. पण माझं काय जातं? आयुष्यभर हरलेल्या पैलवानांना मी विजयी केलं, एका जिंकलेल्या कंपनीला दानशूर केलं तर काय बिघडलं? गाव टाळ्या वाजवत होतं म्हणून इंग्रिडबाईही टाळ्या वाजवत होत्या. त्यांनी दुलारी दाईच्या हातात किल्ली ठेवली आणि तिला मिठी मारली. दुलारी दाईचं डोकं त्यांच्या कमरेशी लागलं.

मिठी सुटल्यावर दाई कुणाचंही भाषण ऐकायला थांबली नाही. फाटकाशी गेली, कुलूप काढलं, पायऱ्या उतरली आणि नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात शिरली. मागून बाकीच्या. स्टीलच्या खांबाला पाण्याच्या लाटा लागायला लागल्या.

सक्सेना माझ्याजवळ आले. आवाज खाली, हसू अजून चेहऱ्यावरच, कारण कॅमेरा इकडं वळला होता. "भाईसाहब, ये आपने क्या बोल दिया?"

"स्वागत केलं, साहेब. आमच्याकडं असंच करतात."

कोल्हापूर

परत आलो. ताईनं सोबत ठेठरी दिली होती, बेसनाची, कडक. नागपूरच्या आत संपली.

रेवतीची नोकरी गेली. काढून टाकलं असं कंपनी म्हणत नाही. तिला 'मोकळं' केलं म्हणते. ताई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही, मग एकदम फोन करून म्हणाली, "पोट्टी दुलारीच्या पाऱ्यात शिकवाले जाऊन राहिली, पैसे नाही भेटत, पण जेवते बरोबर." म्हणजे राग गेला असं मी समजतो.

परवा रेवतीनं कंपनीची ती फिल्म पाठवली. चार मिनिटांची, फार देखणी. किल्ली देतानाचा तो क्षण आहे, हळूहळू चालणारा, मिठी आहे, पाण्यात शिरणाऱ्या बाया आहेत, मागं व्हायोलिन. खाली इंग्रजीत अक्षरं येतात, तलाव समाजाच्या हाती सुपूर्द. हे जगानं बघितल्यावर आता पुन्हा कुलूप लावायचं कसं? सक्सेनांना ते जमलेलं नाही. फाटक उघडं आहे. येत्या पावसाळ्यात शिंगाडे लागतील.

पण म्हणून मी थंड झालोय असं समजू नका. ती फिल्म दाखवून तिकडं बाटल्या विकल्या जातायत. तिकडच्या विहिरी तशाच आटतायत. फाटक उघडं असूनही तळ्यातलं पाणी मोजतायत म्हणे अजून. आणि तो काळा खांब अजून शंकर नगरात दिव्याखाली उभा आहे, पांढऱ्या गोट्यांत पाय रोवून.

फिल्ममध्ये ते गाणंही आहे. सगळं. दुसऱ्याच्या पावसाला आपलं म्हणणारे, लाकूडचोर, कोरडा साहेब, एक ओळ कापलेली नाही. आणि खाली अक्षरं, गावातल्या स्त्रिया पाण्याबद्दल कृतज्ञता गाताना.

मी हसलो नाही. माझ्या बायकोनं भिऊन विचारलं, बरं वाटत नाही का?

रेवतीला फोन लावला. ती काठावरच होती, मागं पाण्यात कपडे आपटल्याचा आवाज. म्हटलं, दाईला सांग, तिच्या शिव्या सगळ्या दुनियेनं ऐकल्या, फक्त त्यांना आभार म्हणून समजल्या.

रेवतीनं तिकडं सांगितलं. मग दुलारी दाईनं फोन स्वतःच घेतला.

"नइ समझिन?" तिनं विचारलं. नाही समजलं त्यांना?

"नाही, दाई."

"त अब ऊँखर दुआरी म जाके गाबो," ती म्हणाली. मग आता त्यांच्या दारात जाऊन गाऊ. "दूल्हा ला घलो तो लाना हे." नवऱ्यालाही तर घरी आणायचंय.

आणि तिनं फोन रेवतीकडं देऊन बायांना हाक मारली.